छातीइतकं कुंपण

दवंडी पिटणारा आमच्या आळीत शिरला तेव्हा मी ओटीवर डाळ पाखडत होते. त्याचं अर्धं बोलणं सुपाच्या आवाजात गेलं. उरलेलं अर्धं कानावर आलं आणि मी सूप खाली ठेवलं. म्युनिसिपालिटी म्हणे नवा नियम करणार होती. रस्त्याच्या नाहीतर गल्लीच्या कडेला घरांची जी कुंपणं आहेत, मग ती शेराच्या झाडांची असोत, निवडुंगाची असोत की कुडाची, ती सगळी माणसाच्या छातीइतकी खाली आणायची. गल्लीपासून दहा हातांच्या आत त्याहून उंच आडोसा कुणी ठेवायचा नाही. कुणाची हरकत असेल त्यानं अमावास्येच्या सभेला येऊन ती सांगावी, असंही तो ओरडून गेला.

कारण काय, तर चोर. पारनाक्यावरच्या एका सराफाकडे चोरी झाली होती. चोर कुंपणाआड दबा धरून बसले आणि गस्तीचा शिपाई कंदील हलवत समोरून निघून गेला, असं लोक सांगत होते. आता त्या सराफाचं कुंपण पुढच्या दारी, चोर शिरले वरची कौलं काढून, आणि कापायची कुणाची? साऱ्या कल्याणची, तीही मागची-पुढची सगळी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

माझं नाव आवडाबाई. आमच्या घरचे कोर्टात कारकून. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणतो, म्हणून मीही इथं भाऊच लिहिते. खरं नाव कागदावर घालायला हात धजत नाही. माणूस अगदी देव. पण देवासारखाच चारचौघांत तोंड म्हणून उघडत नाही.

आमच्या घराचं मागचं दार परसात उघडतं. परस संपतं तिथं शेराचं कुंपण होतं, दीड पुरुष उंच, आणि त्यापलीकडे गल्ली. पूर्वी त्या गल्लीत गुरं आणि पाण्याला जाणाऱ्या बायका एवढीच काय ती वर्दळ. आगगाडी सुरू झाली आणि ती स्टेशनाची जवळची वाट झाली. ठाण्या-मुंबईला जाणारी मंडळी बोचकी सावरत तिथूनच पळतात. या कुंपणाला लागून आमची न्हाणी. न्हाणी म्हणजे दगडाची एक फरशी, दोन अंगांना कुडाचा आडोसा, वर आभाळ आणि गल्लीच्या अंगाला शेर. परसाच्या कोपऱ्यात शेतखाना, म्हणजे शौचाची जागा, तिकडे जायची वाटही कुंपणाच्या कडेकडेनंच. आळीतल्या प्रत्येक घराची हीच तऱ्हा. आम्हा बायकांची सगळी अब्रू त्या शेराच्या भरवशावर होती. पुरुषांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्यात माझी सुमती बाळंतपणाला आलेली. ठाण्याला दिलेली माझी एकुलती एक मुलगी, पहिलटकरीण. बाळंतपण जड गेलं. मुलगी झाली, नाकीडोळी नीटस, पण सुमतीच्या अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. पाचवी पुजून झाली तरी तिला भिंत धरून उठावं लागे. न्हाऊमाखू घालायला रखमा यायची. ती कोपर गावची, आगऱ्यांची, हातगुणाची सुईण. दिवस चांगला वर आला की ती परसात पाय लांब करून बसायची, बाळीला पायांवर घ्यायची. मग सुमतीला तेल चोळून कढत पाण्यानं न्हाऊ घालायची. त्या उन्हानं आणि त्या पाण्यानंच पोर हळूहळू उभी राहत होती.

म्हणून मी भाऊंना सभेला धाडलं. नुसतं धाडलं नाही, काय बोलायचं तेही पढवलं. "मागच्या अंगाला बायकांची न्हाणी आहे, म्हणून मागची कुंपणं उंच राहू द्यावीत." एवढंच वाक्य. पगडी चढवताना त्यांनी ते माझ्यासमोर म्हणून दाखवलं. मला वाटलं, जमेल.

संध्याकाळी परत आले ते ओटीवर न थांबता सरळ झोपाळ्यावर जाऊन बसले. मी पाणी दिलं.

"सांगितलंत?"

"सभा मोठी झाली. माणसं बाहेरपर्यंत उभी होती."

"मी माणसं मोजायला नव्हतं पाठवलं."

त्यांनी पाणी संपवलं, भांडं उगाच पुसलं आणि मग एकेक सांगू लागले. एका गृहस्थांनी हरकत घेतली की त्यांच्या कुंपणात सीताफळ आहे, ते कापलं जाईल. दुसरे म्हणाले, कुंपण खाली आलं की शेजारी हद्द सरकवील. तिसऱ्यांना बकऱ्यांची धास्ती. एकजात सगळे उठले, बोलले आणि बसले, पण न्हाणी हा शब्द काही कुणाच्या तोंडून निघाला नाही.

"आणि तुमच्या?"

"मी उभा राहिलो. म्हटलं, गैरसोय होईल. चेअरमन म्हणाले, कुणाची? मी म्हटलं, घरच्या मंडळींची. ते म्हणाले, कसली गैरसोय?"

"मग?"

"मग घशाला कोरड पडली. सगळे माझ्याकडेच बघत होते. ते म्हणाले, म्हणजे विशेष हरकत नाही ना? मी म्हटलं... विशेष नाही."

मी कपाळाला हात लावला. पण त्यांचं अजून संपलं नव्हतं.

"पुढं ते म्हणाले, नियम कायम करण्याआधी एखादं कुंपण नमुन्यादाखल छाटून पाहू. कुणाचं छाटायचं? कुणीच बोलेना. आणि मी आपला तसाच उभा होतो."

"अहो, बसायचं तरी!"

"सुचलं नाही गं."

माझ्या रागाचा पारा असा चढला की विचारू नका. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती आमच्या घरी पाट मांडून बसली होती. मी म्हटलं, "सीताफळाला वाली आहे, बकऱ्यांना आहे, फक्त आम्हाला नाही." त्यावर भाऊ खाली मान घालून म्हणाले, "भर सभेत बायकांच्या न्हाणीचा विषय काढायचा? लोक काय म्हणतील?" त्या सभेत बसलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी आई, बायको नाहीतर मुलगी होतीच. प्रत्येकजण मनात हेच घोकत आला असणार आणि तेच घोकत परत गेला असणार.

सोमवारी म्युनिसिपालिटीनं धाडलेला गडी, धोंडीबा, कोयता घेऊन आला. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर माणूस आंधळा व्हायचा, म्हणून त्यानं तोंडाला फडकं गुंडाळलेलं. दुपारपर्यंत सगळं कुंपण छातीइतकं. चीक ठिबकत राहिला आणि गल्ली आमच्या परसात आली. जाणाऱ्या-येणाऱ्याची डोकी, पागोटी, डोक्यावरची ट्रंक, सगळं आमच्या फरशीवरून दिसायला लागलं, तेव्हा त्यांनाही आम्ही दिसतच असू. न्हाणीपुरता कूड तरी उभा करू म्हटलं, तर गस्तीचा शिपाई दौलत आला. "आवडाबाई, दहा हातांच्या आत काही उभं करायचं नाही," म्हणाला. दहा हात मागं सरले तर मी स्वयंपाकघरात चुलीवर बसले असते.

आम्ही मोठ्या बायका पहाटे अंधारात आटपू लागलो. रखमा बिचारी कोपरहून उजाडल्यावर निघणार, येईस्तोवर ऊन वर आलेलं. पहिल्याच दिवशी तिनं सुमतीला तेल लावून फरशीवर बसवलं, पाठीवर पहिला तांब्या ओतला, आणि कुंपणावरून एक पागोटं आत डोकावलं.

"काय हो बाई, स्टेशनाची वाट हीच ना?"

बिचारा खरंच वाट विचारत होता. पण सुमतीनं जी किंकाळी फोडली! ओल्या अंगानं, तेल निथळत, पडत-धडपडत ती घरात पळाली आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार लावून घेतलं. रखमानं त्या माणसाला तिच्या गावच्या भाषेत जी वाट दाखवली, ती मी इथं लिहीत नाही.

त्या दिवसापासून सुमती परसात जाईना. न्हाण्याचं मी निभावून नेलं. घरात मोरी होती, पण ती स्वयंपाकघरात, सोवळ्यातली. बाळंतिणीला तिथं मज्जाव. मी ते सोवळं गुंडाळून ठेवलं आणि तिला मोरीत न्हाऊ घातलं. सासूबाई असत्या तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण शेतखाना घरात कुठून आणू? खोलीत मडकं ठेवते म्हटलं तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन-तीन दिवसांनी बाळी सारखी रडायला लागली. आधी वाटलं पोट दुखतंय. वावडिंगाचं पाणी दिलं, पोटाला हिंग लावला. रडणं थांबेना. मग रखमानं सुमतीची छाती चाचपली, तिच्या उशाशी ठेवलेला तांब्या हलवून पाहिला. तांब्या काठोकाठ भरलेला.

"बाय, पोरीच्या पोटान पानीच नाय, तं दूध कशाचा येल?"

मी सुमतीच्या समोर बसले. ओठ सुकून पापुद्रे निघालेले. पेज नको, खीर नको, पाणी नको. पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं, म्हणून ती दिवेलागणीपर्यंत थेंब तोंडात घेत नव्हती. काळोख पडला की एकदा जाऊन यायची, मग घोटभर प्यायची.

"अगं, असं केलंस तर मरशील," मी म्हटलं.

"मला नाही जमत गं, आई," ती म्हणाली. "तिथं गेलं की वाटतं, ते पागोटं आता येईल." आणि रडायला लागली. रडताना डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं.

मी तिच्यापुढे कठोर राहिले. बाहेर आले आणि माजघरात खांबाला धरून उभी राहिले. बाळंतिणीला ताप भरायला काय लागतं? आमच्याच आळीत अशा दोघी गेलेल्या मी पाहिल्यात. माझी लेक तहानेनं जाणार, आणि तेही विहिरीला पाणी असताना, कारण एका सभेत एक शब्द कुणाला बोलवला नाही. मला इतका संताप आला आणि इतकी भीती वाटली, की दोन्हींतलं काय मोठं ते कळेना.

जे हाताशी होतं ते घेतलं. माझं एक जुनं लुगडं भिजवलं आणि लांब बांबूवर घातलं. बांबूचं एक टोक आमच्या छाटलेल्या कुंपणावर ठेवलं. दुसऱ्या टोकाला टेकू मिळेना, म्हणून ते गल्लीपलीकडच्या रंगूबाईच्या शेरात खोवलं. तिचं कुंपण अजून शाबूत होतं. लुगडं गल्लीवर आडवं लोंबकळू लागलं. आडोसा म्हटला तर अर्धामुर्धाच झाला. मी स्वतःवरच चिडून घरात आले.

त्या दिवशी भाऊ कोर्टातून नेहमीपेक्षा बरेच उशिरा आले, घामानं थबथबलेले.

"एवढा उशीर?"

"पारनाक्यावरून वळसा घालून आलो. मागच्या गल्लीत कुणाचं तरी लुगडं वाळत होतं."

"कुणाचं तरी नाही, माझं. मग त्याला काय झालं?"

"काय झालं म्हणजे? बायकांच्या धुण्याखालून जाऊ?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. खरंच की! बाईच्या लुगड्याखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं, हे आम्ही मुलग्यांना लहानपणापासून सांगत आलो. आमच्याच सासवांनी सांगितलं, आम्हीच पुढं चालवलं. मी धावत मागच्या दारी गेले. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत सामसूम. ऐन गाडीची वेळ, आणि एक पागोटं दिसेल तर शपथ.

"सुमे, ऊठ," मी खोलीत जाऊन म्हटलं. "बाहेर चिटपाखरू नाही. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते."

ती घाबरत घाबरत गेली, परत आली, आणि तांब्यातलं अर्धं पाणी एका दमात प्यायली. माझा जीव थोडा भांड्यात पडला. सगळा पडायला अजून वेळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलत शिपाई हजर. पण गल्लीच्या तोंडाशीच थांबला आणि तिथूनच ओरडला.

"आवडाबाई, हे काय लावलंय? लोकांची वाट अडते, तक्रारी आल्यात!"

"कुणी अडवलीये वाट? लोकांनी जावं की खालून. दवंडीत कुंपण म्हटलं होतं, कूड म्हटला होता. धुणं कुठं म्हटलं होतं?"

"काढा ते."

"तुम्ही काढा, दौलतराव. हात लावा नि काढा."

दौलतनं लुगड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. हात काही पुढं आला नाही. पण जाता जाता बोलला ते मनात रुतलं. "उद्या कमिटी तुमचा नमुना बघायला येतीय. तिनं पसंती दिली की सगळ्या गावाची कुंपणं गेली. मग धुण्यालाही बंदी घालतील, बघा तुम्ही."

हे मात्र खरं होतं. एका लुगड्यावर किती दिवस काढणार? मी बांबूखालून पलीकडे गेले आणि रंगूबाईच्या मागच्या दारात उभी राहिले. रंगूबाईला तीन सुना आणि जिभेला हाड नाही. तिला सुमतीचं सांगितलं, तशी ती जवळ सरकली. मग म्हणाली, "आवडाबाई, माझ्या घरात मिळून लुगडी किती असतील, ठाऊक आहे? सगळी उद्याच धुवायला काढते." आणि हसली. तिथून ही गोष्ट परसापरसांतून आपोआप पुढं गेली. आम्हाला दवंडी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत जेवढं धुणं वाळत होतं तेवढं दिवाळीच्या आधीही कधी वाळत नाही. अमसुली, हिरवी, पिवळी, विटकी, पातळ झालेली, पैठणीसुद्धा. या कुंपणावरून त्या कुंपणावर बांबू आणि बांबूवर लुगडी. आम्ही सगळ्याजणी आपापल्या परसापुढं गल्लीत, लुगड्यांआड उभ्या. सुमती मागच्या दाराशी बाळीला घेऊन बसलेली. बाळी रडत होतीच.

कमिटीची मंडळी आली. पुढं चेअरमन, मागं चार-पाच मेंबर, बाजूला दौलत, आणि सगळ्यांच्या मागं आमचे भाऊ. नमुना त्यांचाच ना! गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले. पहिल्याच बांबूवर रंगूबाईच्या थोरल्या सुनेचं लुगडं ठिबकत होतं. चेअरमननी एक पाऊल पुढं टाकलं, वर पाहिलं आणि पाऊल मागं घेतलं. मेंबर एकमेकांना पुढं करू लागले. "आपण व्हा पुढं." "छे छे, आपण वडीलधारे." सगळे शिकलेले, इंग्रजी वाचणारे, पण लुगड्याखालून जायला एकही तयार नाही.

"हे काय आहे?" चेअरमननी विचारलं.

दौलतची गोष्ट वेगळी, तो रोजचा; पण अशा परपुरुषांशी आम्ही सरळ बोलत नाही. मी लुगड्याच्या आडूनच रखमाला मोठ्यानं म्हटलं, "रखमे, त्यांना सांग, धुणं आहे."

"धुना हाय," रखमानं सांगितलं, जसं काही त्यांनी माझं ऐकलंच नव्हतं.

"ते दिसतंय. इथं का?"

"सांग त्यांना, आमचा आडोसा गेला. आता हाच आडोसा."

"कशाला आडोसा?"

आला, पुन्हा तोच प्रश्न आला. सभेत भाऊंचा घसा सुकला होता तो याच प्रश्नावर. मी तोंड उघडलं. लाजबिज सोडून रखमाच्या मार्फत सगळं सांगणार होते. तेवढ्यात आमच्या परसातून बाळीचा आवाज आला. रडून रडून घसा बसलेला, अगदी बारीक झालेला आवाज. आणि मंडळींच्या मागून भाऊ पुढं आले.

"मी सांगतो," ते म्हणाले.

त्यांनी पगडी सारखी केली.

"या गल्लीला लागून घरोघरच्या बायकांची न्हाणी आहे. शेतखानेही इथंच आहेत. हे मी सभेत बोलायला हवं होतं. माझी मुलगी बाळंतीण आहे, साहेब. कुंपण छाटल्यापासून तिनं दिवसाचं पाणी पिणं सोडलंय. प्यायलं की बाहेर यावं लागतं म्हणून. तिला दूध नाही. ती नात रडतेय ती माझी."

सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. लुगड्याआड उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. त्या घटकेला मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं, की एवढे दिवस जे जे बोलले होते ते सगळं मनातल्या मनात परत घेतलं. निदान बरंचसं घेतलं.

कुणी हसलं नाही. मग सीताफळवाले गृहस्थ, तेही मेंबरांपैकीच निघाले, घसा खाकरून म्हणाले, "आमच्याकडेही मागं तसंच आहे." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "आमच्याही घरी गेले आठ दिवस हाच विषय चाललाय." एकदा बांध फुटल्यावर काय, जो तो आपल्या घरची न्हाणी कुठं आहे ते सांगू लागला. रंगूबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

चेअरमन थोरल्या दगडी घरात राहणारे; त्यांच्याकडे न्हाणीघर आत, पक्कं. त्यांच्या हे ध्यानीमनीही नसावं. ते म्हणाले, "पण मग चोरांचं काय? उंच कुंपणाआड माणूस दडला तर शिपायाला दिसायचा कसा?"

त्यावर उत्तर सुचलं ते दौलतला. तो बराच वेळ मान वाकडी करून लुगड्यांच्या खाली बघत होता.

"साहेब, खालून पाय दिसतात. इथं दोघी, तिथं तिघी, पलीकडे एक म्हातारी. चोर असता तर त्याचेही दिसले असते."

आम्ही सगळ्यांनी पटकन पाय मागं ओढले. चेअरमन मात्र खाली वाकून बघू लागले, मग मेंबरही वाकले. अख्खी कमिटी गल्लीच्या तोंडाशी ओणवी! पण तिथंच, त्या लुगड्यांच्या अलीकडे उभ्या उभ्या ठरलं. मागच्या गल्ल्यांतली कुंपणं हवी तेवढी उंच ठेवावीत, फक्त खालून गुडघाभर मोकळी करावीत, म्हणजे कंदील धरला की आत कुणी आहे की नाही ते कळेल. शेर खाली तसाही नुसता बुंधाच असतो, त्याचं काही जात नाही. ज्यांचं छाटून झालंय त्यांनी शेर वाढेपर्यंत कूड घालावा. सीताफळवाल्यांनी आपलं सीताफळही त्यात घुसडून घेतलं.

"त्यांना विचारा, असं चालेल का," चेअरमन भाऊंना म्हणाले.

"रखमे, सांग त्यांना," मी म्हटलं, "पहिल्यांदाच विचारलं असतं तर लुगडी भिजवावी लागली नसती."

रखमानं तेवढं सांगितलं नाही. "चालल," एवढंच म्हणाली. शहाणी बाई.

कोर्टाला दांडी मारून भाऊंनी त्याच दुपारी धोंडीबाला धरून आणलं. कारवीच्या काठ्या, बांबू, सुंभ, सगळं घेऊन. जन्मात कधी खिळा न ठोकलेला माणूस धोतर खोचून कूड बांधायला बसला. बोटाला दोनदा लागलं, एकदा अख्खा कूड अंगावर आला. पण उन्हं उतरायच्या आत दीड पुरुष उंच, खालून गुडघाभर मोकळा कूड उभा राहिला. कूड वाकडा होता. मला तो इतका देखणा वाटला की मी त्याला हळदकुंकू लावलं.

सुमती दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ कुडाकडे बघत होती. पलीकडून कुणीतरी बोलत बोलत स्टेशनाकडे गेलं. आवाज ऐकू आला, माणूस दिसला नाही. ती भिंतीला न धरता परसाच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. मग चुलीपाशी येऊन बसली.

"आई, पाणी दे गं. मोठ्या तांब्यातून दे. आणि पेजही दे, भरपूर."

तिनं पाणी संपवलं, पेज संपवली, वर मेथीची खीर मागितली. मी वाढत होते आणि ती खात होती. रात्री एकदा छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी रखमानं परसात, भर उन्हात, तिला तेल चोळून कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. शेगडीवर ओवा टाकून शेक दिला. केसांना धूप देऊन होईतो बाळीनं रडायला सुरुवात केली. सुमतीनं तिला उचललं आणि खोलीत गेली.

भाऊ कोर्टात जायच्या तयारीत होते. पगडी डोक्यावर, छत्री हातात, पण पाय काही निघत नव्हते. ते त्या रडण्याकडे कान देऊन उभे होते. मीही माजघरात तशीच उभी. रडणं एकदम थांबलं. ते माझ्याकडे बघायला लागले, चेहरा पांढरा पडलेला.

"काय झालं? का थांबली?"

मी दार लोटून आत डोकावले. बाळीच्या मुठी घट्ट मिटलेल्या, ओठांच्या कडेनं दूध ओघळून सुमतीच्या हातावर आलेलं, आणि सुमती भिंतीला टेकून डोळे मिटून हसत होती.

"पितेय," मी म्हटलं. "पोटभर पितेय."

भाऊ ओटीच्या पायरीवर येऊन बसले. पगडी काढून मांडीवर घेतली आणि लहान मुलासारखे रडले. आळीतून येणारे-जाणारे बघत होते. त्यांनी बघू दिलं.